डेल्फ्टचा हिरवा बाक

युरोप हा एकच देश आहे, त्याला एकच दार आहे, आणि त्या दारातून एकदा आत शिरलेल्या माणसाला पुन्हा कुणी ‘कोण तुम्ही?’ म्हणून विचारत नाही, हे ऐतिहासिक सत्य मी माझ्या व्याह्यांना पस्तीस वर्षं साप्ताहिक सदर लिहिलेल्या माणसाच्या अधिकारानं समजावून सांगितलं. डब्लिन विमानतळावर काउंटरमागे बसलेल्या मुलीला हे सत्य ठाऊक नव्हतं. तिनं आमचे दोन निळे पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळले, मग शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं की आयर्लंडच्या व्हिसावर ॲमस्टरडॅमच्या विमानात बसता येत नाही.

“पण मागच्या खेपेला आम्ही असल्याच व्हिसावर लंडनला गेलो होतो,” मी म्हणालो.

“लंडन इज ग्रँड,” ती म्हणाली. “हॉलंड इज नॉट.”

म्हणजे जो देश युरोपाशी भांडून वेगळा निघाला, तिथे आमचा व्हिसा चालतो. आणि जे दोघं अजून एका घरात नांदतात, त्यांच्या मधल्या दाराला कुलूप. यावर एके काळी मी दोन आठवडे लिहिलं असतं. त्या सकाळी एकही ओळ सुचली नाही. शेजारी गिरीशराव उभे होते. त्यांचा एक हात लहान बॅगेच्या दांड्यावर होता आणि दुसरा कोटाच्या आतल्या खिशावर.

“मग आता कुठल्या खिडकीत जायचं?” त्यांनी विचारलं.

“कुठल्याच नाही. परत जायचं.”

“आणि डेल्फ्ट?”

“राहिलं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस. ‘राहिलं’ हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

गिरीशराव म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. नाशिकला पाटबंधारे खात्यात होते. एक्याऐंशी साली सरकारनं त्यांना पाण्याच्या शास्त्राचा एक वरिष्ठ अभ्यासक्रम करायला अकरा महिने हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी पाठवलं होतं. तेव्हा ते तिशीत होते. त्यानंतर ते जिथे जातील तिथे डेल्फ्ट जात असे. वरणाला फोडणी कमी पडली की डेल्फ्टचं सूप. रस्त्यात खड्डा आला की डेल्फ्टचे रस्ते. आमच्या मुलांच्या साखरपुड्यात गुरुजी मंत्र म्हणत असताना हे माझ्या कानाशी लागून डेल्फ्टमध्ये सायकली कशा चोरीला जातात ते सांगत होते. मी त्यावर ‘डेल्फ्टपुराण’ नावाचे दोन लेख लिहिले. ते त्यांनी चौकट करून भिंतीला लावले. अशा माणसाची थट्टा करण्यात काही अर्थ नसतो.

मागच्या दिवाळीपासून त्यांच्या डोक्यातल्या वस्तू जागा सोडायला लागल्या. आधी किल्ल्या, मग नावं, मग एकदा नाशिकमध्ये स्वतःच्याच गल्लीचं वळण. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आमची ज्ञानदा स्वतः डॉक्टर, आयर्लंडमधल्या गॉलवेच्या इस्पितळात असते, आणि तिचा नवरा अंबरीश, म्हणजे यांचा मुलगा, हृदयात बसवायच्या स्टेंट बनवणाऱ्या कंपनीत. दोघांनी यांना इकडे आणलं. विहीणबाई, म्हणजे गिरीशरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणून आम्हालाही बोलावलं. म्हणजे माझ्या बायकोला बोलावलं. माझं तिकीट सोबत निघालं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या रस्त्यानं फिरताना गिरीशराव अचानक थांबले आणि म्हणाले, “नंदकुमारराव, मला एकदा डेल्फ्टला जायचंय. कालव्याच्या काठी बसायचंय.”

“कशाला?”

“बसायला. विसरायच्या आत.”

मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला तरुणपणाचं गाव बघावंसं वाटतं, तसंच हे. मुलांना विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण हल्लीची मुलं ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघू’ म्हणतात, आणि आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. डब्लिनचं म्युझियम बघायला जातो असं सांगून आम्ही सकाळची बस धरली. बाकीचं वर आलंच आहे.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळं बाहेर पडलं. अंबरीशनं कपाळाला हात लावला. ज्ञानदा “बाबा, तुम्ही म्हणजे ना” एवढंच म्हणाली, आणि त्या ‘ना’ मध्ये मला जे काय समजायचं ते समजलं. आठ वर्षांच्या आमच्या नातीनं, स्वरांगीनं, काट्यानं वाटाणा टोचत मान वर केली.

“आजोबा, यू नीड अ शेंगेन व्हिसा, लाइक. एव्हरीवन नोज दॅट.”

या मुलीला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र ती गॉलवेच्या इंग्रजीतच देते.

अंबरीशनं त्या रात्रीच संगणकावर बघितलं. पाहुणे म्हणून आलेल्यांना तो व्हिसा इथून मिळत नाही. भारतात परत जाऊन अर्ज करायचा, मग वाट बघायची. भांडी आवरताना ज्ञानदा मला हळू आवाजात म्हणाली, “पुढच्या वर्षी नेता येईल त्यांना. पण आपण कुठे आलोय हे त्यांना कळेल का, ते मी नाही सांगू शकत.” मी ताट पुसत होतो. ते एकच ताट मी बराच वेळ पुसलं.

पुढचे चार दिवस गिरीशराव रोज सकाळी उठून वासंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारायचे, “आपली बस कितीला?” ती सांगायची, “आज नाही, गिरीशराव.” ते “बरं” म्हणून खिडकीशी बसायचे आणि कोटाच्या आतल्या खिशाला हात लावून बघायचे. त्यात पासपोर्ट असायचा.

पाचव्या दिवशी, शनिवारी, ते नाश्त्याला आले तेच कोट, मफलर, टोपी घालून.

“चला,” मला म्हणाले. “डेल्फ्ट बघून येऊ.”

अंबरीशनं माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे बघितलं.

“जा की,” वासंती म्हणाली. “गावात जुनं चर्च आहे, नदी आहे, कालवा आहे. अजून काय असतं त्या डेल्फ्टात?”

“अगं, पण—”

“युरोप एकच आहे ना? तुम्हीच म्हणाला होता. मग दाखवा.”

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझं एकही वाक्य वाया जाऊ दिलेलं नाही.

अशा रीतीनं गॉलवेच्या आयर चौकात बसमधून उतरून आम्ही दोघं डेल्फ्ट बघायला निघालो. मी ठरवलं होतं की ते जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. त्यात माझा स्वार्थ होता. विमानतळापासून त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मला जे अपराधी वाटत होतं, ते अशानं जरा कमी झालं असतं.

गिरीशरावांचा चेहरा मात्र चौकातच बदलला. पावलं भराभर पडायला लागली. जुन्या गावात गाड्यांना बंदी असलेला, फरशी घातलेला एक लांब रस्ता आहे, दोन्ही बाजूंना रंगवलेली दुकानं, मधे उभं राहून कुणी फिडल वाजवतंय, कुणी गातंय. ते पुढे आणि मी मागे, हात पाठीशी बांधून, सहलीला आलेल्या शाळेतल्या मुलासारखा.

“इकडे बघा. डावीकडे.” एका कोपऱ्यावर सरदारांच्या काळची करडी दगडी इमारत होती, कमानींवर सिंहांची नि माकडांची शिल्पं, आणि आत बँक. “ही नगरपालिका.”

“असेल,” मी म्हणालो.

“असेल काय? आहे. आमचं रजिस्ट्रेशन इथंच झालं. आत एक बाई होती, तिला माझं आडनाव लिहिता येईना. शेवटी म्हणाली, तुम्हीच लिहा. मी मराठीत लिहिलं.”

“मग?”

“मग काय, शिक्का मारला तिनं. शिक्का मारायला वाचता कशाला यावं लागतं?”

हा किस्सा मी निदान चाळीस वेळा ऐकला होता. एकेचाळिसाव्या वेळी मी प्रथमच मनापासून हसलो, आणि मलाच त्याचं नवल वाटलं.

चर्चला लागून शनिवारचा बाजार भरला होता. कांदे, पाव, फुलं, ऑलिव्ह, कुणीतरी डोसेही घालत होतं. चीजच्या एका गाड्यापाशी गिरीशराव उभे राहिले, टोपी काढली, आणि खणखणीत आवाजात डचमध्ये म्हणाले, “खूदेमॉर्खन!”

“मॉर्निंग,” गाडीवाला म्हणाला. “हाउ आर यू कीपिंग, सर?” त्यानं लाकडी चाकूवर चीजचा एक तुकडा पुढे केला.

गिरीशरावांनी तो खाल्ला आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, “चीज तेच आहे. भाषा बदलली यांची.”

“बदलते हो. चाळीस वर्षं झाली.”

“पुण्याची पण बदलली,” ते म्हणाले.

मग ते चर्चकडे वळले आणि मान मागे टाकून मनोऱ्याकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. शेजारून गर्दी जात होती. एका बाईची पिशवी त्यांना लागली, तिनं सॉरी म्हटलं, त्यांना कळलं नाही.

“मनोरा कललेला होता,” ते म्हणाले.

“हो का?”

“जुन्या चर्चचा. चांगला सहा फूट बाहेर. खालून जाताना भीती वाटायची.”

“सरळ केला असेल.”

“असं सरळ करता येत नाही, नंदकुमारराव. पाया बुजवलेल्या कालव्यावर आहे.” ते माझ्याकडे वळले आणि मघाशी मनोऱ्याकडे बघत होते तितक्याच लक्षपूर्वक त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी कांद्यांच्या ढिगाकडे बघायला लागलो. “बरं,” ते म्हणाले. “केला असेल सरळ. चला पुढे.”

पुढे रस्ता अरुंद होत खाली नदीकडे उतरतो. जुन्या तटाच्या दोन कमानी तिथे उरल्या आहेत, आणि त्यांच्या समोर कॉरिब नदी समुद्राला जाऊन मिळते. मिळते म्हणजे धावत जाऊन धडकते. काळं पाणी, वर पांढरा फेस, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. मला वाटलं, आता हे इथल्याही कुठल्या गोष्टीला डेल्फ्टचं नाव देतील. पण ते कठड्याला धरून नुसते उभे राहिले. ओठ हलत होते. मोजत होते काहीतरी.

“कालवा कुठे?” त्यांनी विचारलं.

“पुलापलीकडे.”

“चला.”

पूल ओलांडून गेलं की बोटी बांधायचा एक लहान धक्का लागतो आणि तिथून कालवा सुरू होतो, घरांच्या मागच्या बाजूनं, झाडांखालून. गावाच्या मधोमध असून तिथे फारसं कुणी नसतं. दगडी काठ, एका बाजूला छोट्या घरांची रांग, पाण्यावर दोन हंस. थोडं पुढे गेल्यावर एक बाक दिसला. मी तिकडे बोट दाखवलं आणि मला एकदम वाटलं, झालं, संपलं. आता हे बसतील, खूश होतील, घरी जाऊ, आणि वासंती म्हणेल, बघा.

गिरीशराव बसले नाहीत. त्यांनी खाली वाकून, म्हणजे वाकायचा प्रयत्न करून, मग मला सांगून, एक वाळकी काडी उचलून घेतली. बाकापासून मोजून दहा पावलं वरच्या अंगाला गेले. काडी पाण्यात टाकली, आणि काठाकाठानं तिच्याबरोबर चालत परत आले, घड्याळाकडे बघत. धरणावर, पाटावर सगळी हयात हेच केलं होतं त्यांनी. पाण्याचा वेग बघायची सगळ्यात जुनी रीत. काडी त्यांच्या आधी बाकापाशी पोचली आणि पुढे निघून गेली.

“हे डेल्फ्ट नाही,” ते म्हणाले.

मी पुढे गेलेल्या काडीकडे बघितलं.

“डेल्फ्टचं पाणी हलत नाही. सकाळी काडी टाका, संध्याकाळी तिथंच. समुद्राच्या पातळीच्या खालची जमीन, पाणी जाणार कुठे? हे पाणी पळतंय. हे गॉलवे आहे.”

“कधीपासून कळतंय तुम्हाला?”

“चर्चपाशी कळलं. त्याआधी नव्हतं कळत. मधे पुन्हा गेलं होतं. पुलावर आलं परत.” हे त्यांनी विजेबद्दल सांगावं तसं सांगितलं.

“मला माफ करा,” मी म्हणालो. “ते विमानतळाचं, आणि हे आजचंही.”

“अहो, तुमचं काय. तुम्ही घेऊन निघालात तरी. अंबरीश ‘बघू’ म्हणाला असता.” ते बाकावर बसले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. मीही बसलो. “हा बाक तपकिरी आहे,” ते म्हणाले.

“तिथला कुठल्या रंगाचा होता?”

“हिरवा. म्हणजे मी हिरवा सांगितला होता.”

“कुणाला?”

“प्रमोदिनीला.”

मग त्यांनी सांगितलं. पाण्याकडे बघत, सलग, एखादा जुना रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. बारा वर्षं आमची सोयरीक आहे. डेल्फ्टची ही एवढी एक गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

अंबरीशच्या आधी त्यांना एक मुलगी होती. सुचित्रा. ते हॉलंडला निघाले तेव्हा दोन वर्षांची. तिसऱ्या महिन्यात तिला ताप आला, तीन दिवस राहिला, आणि ती गेली. घरी फोन नव्हता. गिरीशरावांच्या वडिलांनी पत्र टाकलं. ते बाराव्या दिवशी डेल्फ्टला पोचलं.

“नानांचं अक्षर फार सुंदर होतं,” गिरीशराव म्हणाले. “सुचित्राला देवाज्ञा झाली. सर्व विधी पार पडले. तू येऊन आता उपयोग नाही. अभ्यासक्रम पुरा करूनच यावे. चार ओळी. खाली आशीर्वाद.”

“अरेरे,” मी म्हणालो. या शब्दाची मी पूर्वी पुष्कळ चेष्टा केलेली आहे. पण वेळेला दुसरा मिळाला नाही.

“सकाळचे नऊ वाजले होते. साडेनऊला लेक्चर होतं. पाण्यातल्या गाळाचं वहन. मी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि लेक्चरला गेलो. पहिल्या बाकावर बसलो. नोट्स काढल्या. अजून आहेत त्या नोट्स, स्वच्छ आहेत. कुठे खाडाखोड नाही. त्या पेपरात मी पहिला आलो, नंदकुमारराव.”

दोन हंसांपैकी एक काठाशी आला, आमच्याकडे काही खायला नाही हे बघून निघून गेला.

“आठ महिन्यांनी घरी गेलो. पहिल्या रात्री प्रमोदिनीनं एकच विचारलं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत? आता मी काय सांगू? गाळाचं वहन सांगू? मी म्हणालो, कालव्याच्या काठी एक बाक आहे, तिथे जाऊन बसलो. रडलो. संध्याकाळपर्यंत बसलो होतो.”

“आणि त्यांना ते—”

“खरं वाटलं. तेवढ्यावर तिनं मला घरात घेतलं म्हणा ना. दर वर्षी त्या तिथीला विचारायची. बाक कसला होता? मी म्हणालो, लाकडी. रंग? हिरवा. झाड होतं का वर? होतं. कुणी विचारलं का हो तुम्हाला, का रडता म्हणून? मी म्हणालो, एक म्हातारी थांबली होती, तिनं रुमाल दिला. ती म्हातारी तर तिला फार आवडायची. तिच्यासाठी देवाजवळ साखर ठेवायची ती. नसलेल्या बाईसाठी, बघा.”

मला एकदम आठवलं. ते माझे दोन लेख छापून आले तेव्हा सगळं घर हसलं होतं. प्रमोदिनीबाईंनी अंक घडी करून मला परत दिला आणि म्हणाल्या होत्या, ‘छान आहे. फक्त बाकाचं नाही लिहिलंत.’ मला वाटलं, एखादा किस्सा माझ्या ऐकण्यातून सुटला असेल. मी म्हणालो होतो, पुढच्या भागात लिहीन. आणि त्याही ‘बरं’ म्हणाल्या होत्या.

“सगळं डेल्फ्ट बोलून दाखवलं मी लोकांना,” गिरीशराव म्हणाले. “सायकली, सूप, चीज. एवढं बोललो की हे बोलायला जागाच राहू नये.”

“मग आता का जायचंय तुम्हाला तिथे?”

त्यांनी मफलर सैल केला. “मागच्या दिवाळीपासून मला तो बाक आठवतो.”

“म्हणजे?”

“आठवतो. बसलोय मी. बाक ओला आहे, पँटला गार लागतंय. हे गार लागल्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी रचलेलं नाही ते. म्हणजे आता हे,” त्यांनी टोपीवर बोट टेकवलं, “स्वतःच रचायला लागलंय. आधी खोटं होतं तेव्हा निदान मला माहीत होतं. एक दिवस मला ते खरंच वाटेल. मग मी बसलो होतो, मी रडलो होतो, मी चांगला बाप होतो. आणि लेक्चरला गेलेला तो जो माणूस आहे, तो राहणारच नाही. मग त्या पोरीची माफी कोण मागणार? प्रमोदिनीची कोण मागणार? म्हणून म्हटलं, ते खरं वाटायच्या आत एकदा जाऊन बसून यावं. शुद्धीत.”

आयुष्यभर मी शब्दांवर जगलो. मी त्यांना विचारलं, “पाणी देऊ का?”

“नको,” ते म्हणाले.

बारीक पाऊस सुरू झाला होता, ज्याला इथे कुणी पाऊस म्हणत नाही.

“डेल्फ्टच लागेल ना त्याला?” मी विचारलं. “काहीतरी करू. तुम्ही भारतात जाऊन अर्ज करा, मी येतो बरोबर, मी स्वतः—”

“ते केव्हा होईल?”

“सहा महिने. आठ.”

त्यांनी मान हलवली. “आज मला कळतंय. काल दिवसभर कळत नव्हतं. उद्याचं माहीत नाही. तिथेही बाक होता की नाही, मी बघितला नव्हता. आजच उरकून घेऊ.”

‘उरकून घेऊ’ म्हणाले. जसं बिल भरायचं, रेशनकार्डाचा फॉर्म द्यायचा, तसं. मला हसू आलं.

“तुम्ही जरा तिकडे तोंड करता का?” ते म्हणाले. “अवघड वाटतं.”

मी बाकावरून उठलो, मागे चार पावलं गेलो आणि कालव्याकडे पाठ करून उभा राहिलो. समोर घरांची रांग होती. एका खिडकीत भिजू नयेत म्हणून आत घेतलेल्या कुंड्या होत्या. एक बाई कचऱ्याचा डबा ओढत आत नेत होती. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या कानटोपीवाल्या माणसाकडे बघून ती थबकली.

“आर यू ऑल राइट, लव्ह?”

“ग्रँड,” मी म्हणालो.

तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती आत गेली. मी मागे बघितलं नाही. ऐकायचंही नाही असं ठरवलं होतं, पण कान बंद करता येत नाहीत. पाण्याचा आवाज येत होता. एकदा त्यांचा आवाज आला, कुणाशी तरी बोलल्यासारखा, अगदी खालच्या पट्टीत. लहान मुलाला हाक मारताना मोठी माणसं काढतात तसला. सुचित्रा म्हणाले नाहीत. काहीतरी आखूड नाव होतं, घरातलं. मला ते नीट ऐकू आलं नाही आणि मी पुढेही कधी विचारणार नाही. मग एक आवाज आला, तो हुंदक्याचा होता, की नाक शिंकरल्याचा, की हंसाचा, हे मला खरंच सांगता येणार नाही. तेवढ्यासाठी मी वळलो असतो तर सगळंच फुकट गेलं असतं.

गावातल्या चर्चचे बाराचे ठोके पडले. मी मोजले. बाराच होते.

“नंदकुमारराव.”

मी वळलो. ते तसेच बसलेले होते, हात मांड्यांवर. चेहरा ओला होता. पण पाऊस होता, माझाही ओला होता.

“किती वेळ झाला?”

“वीस-पंचवीस मिनिटं.”

“तिला संध्याकाळपर्यंत म्हणालो होतो.”

“बसू या मग. मला कुठे ऑफिसला जायचंय?”

ते विचार करत राहिले. त्या विचारात काय काय होतं, त्यातलं किती उद्या राहणार होतं, मला माहीत नाही. मी बाकाच्या पुढ्यात उभा होतो, भिजत, आणि मला वाटत होतं की आता हा माणूस काहीतरी बोलेल. असं काहीतरी, की जे मला जन्मभर पुरेल. त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं, घसा साफ केला आणि उजवा पाय थोडा पुढे केला.

“ही नाडी सुटलीय बुटाची,” ते म्हणाले. “जरा बांधता का? मला वाकवत नाही.”